दख्खनमधली सक्तीची शांतता

सोलापूर जिंकायला निघालेला गुणाजी राणे मुलुंडच्या पोस्टातून हात हलवत परत आला, तिथून या भानगडीला सुरुवात झाली. आता सोलापूरचा आणि मुलुंडच्या पोस्टाचा संबंध काय, असं कोणालाही वाटेल. चारकोपच्या त्या सोसायटीतल्या लोकांनाही वाटायचं. तिसऱ्या मजल्यावरचे कुंडलिकराव साळवे घरात बसून सोळाव्या शतकातलं दख्खन चालवतात, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. पण चालवतात म्हणजे नक्की काय करतात, हे विचारायच्या फंदात कोणी पडत नसे. कारण विचारलं की ते सांगायचे.

खेळ असा होता. कुंडलिकरावांनी स्वतःच्या हाताने काढलेला दख्खनचा मोठा नकाशा बेडरूममधल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. त्यात बहमनी राज्य फुटून झालेल्या शाह्या आणि तुंगभद्रेपलीकडे विजयनगर. एकेक राज्य एकेका खेळाडूकडे. खेळाडूने आपापल्या घरी बसून महिन्यातून एकदा सूत्रधाराला, म्हणजे कुंडलिकरावांना, पत्र लिहायचं: इतकं घोडदळ इथून तिथे, अमक्या किल्ल्याची डागडुजी, तमक्या सुलतानाला नजराणा. सगळी पत्रं आली की कुंडलिकराव ती एकदम फोडायचे, फासे पडायचे, मग कोण जिंकलं आणि कोण पळालं ते ठरवायचे आणि निकाल पोस्टाने धाडायचे. फोन नाही, ईमेल नाही. "विजापूरचा निरोप गोवळकोंड्याला पोचला की दोन निळ्या टिका येत होत्या का?" असा त्यांचा सवाल असे. त्यांच्या पत्नी द्रौपदीबाईंचं म्हणणं इतकंच होतं, की साडी काढायला गेलं की दर वेळी आधी अख्खं दख्खन उघडावं लागतं.

कुंडलिकरावांनी सगळी नोकरी एका सरकारी कचेरीच्या जावक टेबलावर केली. समोरच्या आवक टेबलावर गुणाजी. कागद कुंडलिकरावांनी पाठवायचे, उत्तरं गुणाजीने घ्यायची. दोघांनी मिळून हा खेळ काढला आणि दोघांनी मिळूनच त्याचे नियम लिहिले. कचेरीतल्या माणसांनी लिहिलेले नियम कसे असतात हे वेगळं सांगायला नको. घोडा आजारी पडला तर काय, याला पोटनियम होता. सूत्रधाराच्या हस्ताक्षराबद्दल वाद झाला तर काय, यालाही होता. आणि चौदावा नियम तर गुणाजीच्या खास आग्रहावरून घातला होता: युद्धाची घोषणा फक्त रजिस्टर पोस्टानेच करावी. पत्र मिळालंच नाही, अशी सबब मग कोणत्या सुलतानाला सांगता येणार नव्हती.

तर गुणाजी म्हणजे अहमदनगरची निजामशाही. सोलापूर विजापूरकडे, म्हणजे आदिलशाहीकडे, आणि आदिलशाही घाटकोपरच्या माधुरी कांबळेकडे. माधुरी शाळेत इतिहास शिकवायची आणि वयाने सगळ्यांत लहान असून भल्याभल्यांना घाम फोडायची. तिचं सोलापूर घ्यायचं म्हणून गुणाजी कितीतरी महिने घोडे जमवत होता. शेवटी सगळी फौज भीमेच्या काठावर उभी केली, युद्धाची घोषणा सुवाच्य अक्षरात लिहिली, लिफाफा डकवला आणि पोस्टाच्या खिडकीशी गेला. खिडकीतल्या मुलीने अगदी गोड आवाजात सांगितलं, की काका, रजिस्टर पोस्ट आता राहिलं नाही, ते स्पीड पोस्टात विलीन झालं.

गुणाजीने नाइलाजाने स्पीड पोस्ट केलं. पत्र दुसऱ्याच दिवशी घाटकोपरला पोचलं. आणि तिसऱ्या दिवशी माधुरीची हरकत कुंडलिकरावांकडे पोचली. 'नियम चौदा पाहावा. रजिस्टर पोस्टाने घोषणा आलेली नाही. सबब युद्ध नाही. कळावे, आदिलशाही.'

कुंडलिकरावांनी नियमपुस्तक काढलं, चष्मा पुसला आणि नियम चौदा तीनतीनदा वाचला. एकीकडे जन्माचा मित्र आणि दुसरीकडे नियम. जावक टेबलावर बसलेल्या माणसाने नियम सोडला असता तर आभाळच कोसळलं असतं. त्यांनी जड अंतःकरणाने निकाल दिला: युद्ध झाले नाही.

त्या संध्याकाळी फोन वाजला. गुणाजीने खेळाबद्दल फोन करावा, असं आजवर कधी झालं नव्हतं.

"कुंडलिका, माझे घोडे भीमेवर उभे रवान खातत! दर फेरीक खातत! कोठार रिकामा होत इला! ते काय आता तुझो नियम खातले?"

मुद्दा बरोबर होता. उभी फौज दर महिन्याला कोठारातलं धान्य खाते, असा नियम होता. लढाई होवो न होवो, खाणं चालूच. धान्य संपलं की फौज पांगते. म्हणजे युद्ध करता येईना आणि न करताही गुणाजी हरत चाललेला.

"अरे पण चौदावा नियम तुझाच ना?" कुंडलिकराव म्हणाले.

"तेव्हा माका काय म्हायत, सरकार रजिस्टर पोस्टच बंद करतला?"

कुंडलिकरावांनी नियमपुस्तक जवळ ओढलं. ते म्हणाले, "हे बघ, एका शब्दाचं काम आहे. 'रजिस्टर' खोडायचं आणि 'स्पीड' लिहायचं. उद्या करतो."

दुसऱ्या दिवशी ते टेबलाशी बसले. लाल शाईचं पेन, पट्टी आणि नियमपुस्तक समोर. आता नियम बदलायचा तर तो कसा बदलायचा याचाही नियम असणारच. तो शेवटच्या पानावर होता आणि कुंडलिकरावांनी मोठ्या अभिमानाने स्वतः लिहिलेला होता. 'कोणत्याही नियमात बदल करावयाचा झाल्यास सर्व खेळाडूंची लेखी संमती आवश्यक राहील. सदर संमती रजिस्टर पोस्टानेच पाठवावी.'

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"काय झालं?" द्रौपदीबाईंनी विचारलं.

"रजिस्टर पोस्टाचा नियम काढायला रजिस्टर पोस्ट लागतंय."

"मग?"

"मग काय? वाट लागली."

द्रौपदीबाई हसल्या नाहीत. त्यांनी तोंड फिरवून पदर तोंडाला लावला, ही गोष्ट वेगळी.

कुंडलिकराव तडक जवळच्या पोस्टात गेले. तिथल्या बाईंनी फार धीराने सगळं ऐकून घेतलं. स्पीड पोस्टालाही नोंदणी जोडता येते, ज्याच्या नावाचं पत्र त्याच्याच हातात पडतं, सही होते, सगळं तसंच आहे, असं त्यांनी समजावलं.

"म्हणजे ते रजिस्टर आहे की स्पीड?" कुंडलिकरावांनी विचारलं.

"दोन्ही आहे, आजोबा."

"तसं लेखी मिळेल का?"

मागे रांग लांबत होती. एकाने विचारलं, आजोबांचं काही कोर्टाचं काम अडलंय का? कुंडलिकराव म्हणाले, कोर्टाचं नाही, सोलापूरचं. मग रांगेतल्या दोघांनी आपापले सोलापूरचे नातेवाईक सांगितले, एकाने तिथल्या चादरी आता पूर्वीसारख्या येत नाहीत असं मत दिलं आणि बाईंनी तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं उरकून घेतली. लेखी काही मिळालं नाही. आजोबा म्हटल्याचं मात्र कुंडलिकरावांना घरी येईपर्यंत बोचत राहिलं.

जिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी माणिकराव भेटले. माणिकरावांना सोसायटीचे उपनियम तोंडपाठ होते आणि जगातल्या कोणत्याही दुखण्यावर ते तेच औषध द्यायचे.

"सोपं आहे, कुंडलिकराव. विशेष सर्वसाधारण सभा बोलवा. कोरम झाला नाही की सभा तहकूब. अर्ध्या तासाने तीच सभा, त्याच जागी. तेव्हा कोरम लागत नाही. हवं ते पास करून घ्या. आपण पाण्याच्या टाकीचं असंच केलं."

"पण टाकी अजून गळते."

"गळते ना! पण ठराव पक्का आहे."

सभेची कल्पना कुंडलिकरावांना पटली, पण सर्व खेळाडूंची संमती तहकुबीने कशी मिळणार? ते विचारात पडलेले असतानाच यज्ञेश राऊतचा निरोप आला. यज्ञेश म्हणजे विजयनगर. अंधेरीत कसल्याशा कंप्युटरच्या कंपनीत होता आणि हा खेळ मोबाइलवर आणावा म्हणून वर्षानुवर्षं कुंडलिकरावांच्या मागे लागलेला.

"काका, टेन्शन कशाला घेता? ग्रुप बनवतो. पोल टाकतो. सगळे यस दाबतील. पाच मिनिटांत मॅटर क्लोज."

त्याने 'दख्खन ऑफिशियल' नावाचा ग्रुप बनवला. कुंडलिकरावांचा जीव कासावीस झाला, पण गुणाजीचे घोडे खात होते. पहिल्या दिवशी ग्रुपवर सूर्यफुलं आली. मग गुडघेदुखीवरचा काढा आला. मतदानाचं राहूनच गेलं. आणि संध्याकाळी यज्ञेशने जे पाठवलं, ते खरं तर फक्त साकीनाक्याच्या भीमराजला पाठवायचं होतं. भीमराज म्हणजे गोवळकोंडा. त्याचं तिथे लेथ मशीनचं दुकान होतं. यज्ञेशने लिहिलं होतं: 'गुणाजीकाका सोलापूरला बिझी झाले की तू पूर्वेकडून घुस, मी खालून येतो. नगर फिफ्टी-फिफ्टी.'

यज्ञेशने ते लगेच पुसलं. पण तोवर निजामशाहीने वाचलं होतं. आदिलशाहीने वाचून त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावली होती. गोवळकोंड्याने 'जय भीम. हा काय प्रकार?' असं विचारून अंग काढून घेतलं. गुणाजी ग्रुपमधून बाहेर पडला आणि लगेच त्याचा फोन आला.

या खेपेला तो ओरडला नाही, हे जास्त वाईट होतं.

"कुंडलिका, खेळ झालो. कारस्थान करूक माझी ना नाय, कारस्थानासाठीच खेळ हा. पण ता असा बाजारात? आणि माझी फौज थंय उपाशी मरता. माका नको आता. माझा नाव काढ."

"गुणाजी, ऐक तरी..."

"काढ म्हटलंय ना?" आणि त्याने फोन ठेवला.

कुंडलिकरावांनी निजामशाहीची जुनी पत्रं काढली. निवृत्तीनंतर कचेरीतली माणसं एकेक करून पांगली होती. कोणी गावी गेलं, कोणी मुलाकडे. गुणाजीचं पत्र तेवढं दर महिन्याला येत राहिलं. त्यात हालहवाल नसायचा, प्रकृतीची चौकशी नसायची. 'दौलताबादेहून तोफा हलवल्या' असं काहीतरी असायचं. पण ते पत्र आलं की गुणाजी आहे, असं वाटायचं. ते पत्र यापुढे येणार नाही, याची कुंडलिकरावांना फार भीती वाटली, आणि ती त्यांनी बायकोला बोलूनही दाखवली.

"मग सभा बोलवा की," द्रौपदीबाई म्हणाल्या. "मी धपाटे करते."

सभा रविवारी सकाळी साळव्यांच्या घरी, बेडरूममधल्या उघड्या कपाटासमोर भरली. वर्षानुवर्षं एकमेकांची राज्यं जाळणारी माणसं पहिल्यांदाच एकमेकांची तोंडं बघत होती. भीमराजला पाहून माधुरी म्हणाली, "अय्या, रायचूर तुम्ही लुटलंत?" तो लाजला आणि म्हणाला, "सॉरी हा ताई, धंदा डाऊन होता तेव्हा." यज्ञेशने मान खाली घालून मिठाईचा बॉक्स दिला. माणिकराव आगंतुक म्हणून आले आणि त्यांनी आल्या आल्या कोरम मोजला. बिदरची बरीदशाही रिकामीच होती. तो खेळाडू बदली होऊन गेला होता. गुणाजीला निरोप दिला होता, पण "मी येवचंय नाय" एवढंच उत्तर आलेलं.

"मग काका, सर्व खेळाडूंची संमती होतच नाही," माधुरीने नियमपुस्तक उघडत म्हटलं. "गुणाजीकाका नाव काढायला सांगतात, पण नाव काढायलाही इथे रजिस्टर पोस्टच लागतंय. ते आत पण नाहीत आणि बाहेर पण नाहीत."

"अगं, तुझी हरकत तूच मागे घे ना," यज्ञेश म्हणाला.

"घेतली असती रे. पण हरकत मागे घ्यायची तर..." तिने पान उलटलं. "रजिस्टर पोस्टाने."

सगळे कुंडलिकरावांकडे बघायला लागले. कुंडलिकराव नकाशाकडे बघायला लागले.

स्वयंपाकघरातून द्रौपदीबाई धपाट्यांचं ताट घेऊन आल्या. "एक विचारू का? हे सगळे नियम यांचे. उद्या हेच नसले तर?"

माधुरीने भराभर पानं चाळली. "आहे! नियम एकतीस. 'सूत्रधाराचे पद रिक्त झाल्यास खेळाडूंनी नवा सूत्रधार निवडावा. त्याने आपले नियमपुस्तक नव्याने जारी करावे.'"

हा नियम कुंडलिकरावांनी आपल्या पश्चात खेळ चालू राहावा म्हणून फार भावुक होऊन लिहिला होता. लिहिताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आता खोलीतली सगळी मंडळी त्यांच्याकडे ज्या आशेने बघत होती, त्या आशेने आजवर त्यांच्याकडे कोणी बघितलं नव्हतं.

"मरायचीच गरज नाही," माणिकराव दिलासा देत म्हणाले. "राजीनामाही चालतो."

"राजीनामा?" कुंडलिकरावांचा आवाज चिरकला. "मी? हा खेळ मी काढला. हा नकाशा मी काढला. भीमा कुठून वळते हे तुमच्यापैकी एकाला तरी माहीत आहे का?"

कोणालाच माहीत नव्हतं. तरी कोणी नजर हटवली नाही. द्रौपदीबाईंनी त्यांच्या पानात दही वाढलं आणि हळूच म्हटलं, "अहो, त्या गुणाजीभावोजींचे घोडे खातायत."

बस. कुंडलिकरावांनी कागद ओढला. राजीनाम्याचा मसुदा मात्र त्यांनी असा झोकात केला की सोबत जोडपत्र लागलं. रजिस्टर पोस्टाचा प्रश्नच आला नाही, कारण सूत्रधार कधी राजीनामा देईल ही कल्पनाच त्यांना कधी सुचली नव्हती आणि त्यामुळे त्याबद्दल नियमही नव्हता. राजीनामा हातोहात मंजूर झाला. फार पटकन झाला, असं त्यांना वाटलं. निदान एकाने तरी थोडा आग्रह करायला हरकत नव्हती.

"नवीन सूत्रधार?" माणिकरावांनी पुकारा केला.

"द्रौपदीकाकू," माधुरी म्हणाली. "त्यांनी इतकी वर्षं सगळ्या लढाया ऐकल्यात."

"ऐकल्यात कसल्या," भीमराज म्हणाला. "काका फोडत बसायचे पत्रं, फासे काकूच टाकायच्या ना? काकांनी निकालात लिहिलं होतं एकदा."

कुंडलिकरावांनी मनाशी हिशेब केला होता, की बायको पाच मिनिटं पद सांभाळेल, एक शब्द बदलेल आणि चहाच्या आत पद परत देईल. द्रौपदीबाईंनी कागद घेतला आणि आपलं नियमपुस्तक लिहिलं. ते एका पानात मावलं. ज्याला भांडायचं त्याने सरळ तसं लिहावं, कोणत्याही पोस्टाने. पोस्ट अडलं म्हणून फौजा उगाच उभ्या राहिल्या, त्या काळात खाल्लेलं धान्य परत मिळेल. कारस्थान ज्याचं त्याने आपल्यापाशी ठेवावं. संपलं.

"अगं, आजारी घोड्यांचं काय?" कुंडलिकराव कळवळले.

"बरे होतील," सूत्रधार म्हणाल्या.

"बरं. आता पद..."

"पद माझ्याकडे आहे. बसा तुम्ही." त्यांनी नकाशाकडे बघितलं. "बिदर रिकामं आहे. खेळायचंय का?"

कुंडलिकरावांनी वाकून बिदर बघितलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या लढायांचे निकाल लिहिता लिहिता, इथे मी असतो तर काय केलं असतं, हे त्यांनी रोज मनात खेळून पाहिलं होतं. पण सूत्रधाराने खेळायचं नसतं. बिदर म्हणजे एक किल्ला, थोडी तोफखान्याची मोडतोड आणि म्हातारा हत्ती.

"घेतो," ते म्हणाले, आणि त्यांनी धपाट्याचा दुसरा तुकडा असा मोडला की माणिकरावांनी आपलं ताट बाजूला ओढलं.

नवे नियम आणि बिदरच्या नव्या सुलतानाचं नाव द्रौपदीबाईंनी एका पोस्टकार्डावर मुलुंडला कळवलं. खाली लिहिलं, 'तुमचं धान्य परत जमा केलं आहे. घोडे मजेत आहेत.' त्यानंतर काहीच आलं नाही. कुंडलिकराव रोज खाली जाऊन पेटी बघायचे. वॉचमनने एकदा विचारलं, पार्सल येणार आहे का? कुंडलिकराव म्हणाले, "मित्र येणार आहे," आणि मग उगाच खोकले.

एका दुपारी बेल वाजली. पोस्टमनने स्पीड पोस्टाचा लिफाफा पुढे केला. पाठवणारा: गु. रा. राणे, मुलुंड. द्रौपदीबाईंनी सही केली, फोडला, वाचला आणि मग नव्या सूत्रधाराच्या गंभीर चेहऱ्याने नवऱ्याच्या हातात दिला.

'सूत्रधार यांस. निजामशाही फौज सोलापूरकडे जाणार नाही. भीमेवरून माघार घेऊन सर्व घोडदळ व तोफखाना बिदरवर रवाना करण्यात येत आहे. सबब बरीदशाहीविरुद्ध युद्ध जाहीर. प्रत बिदरच्या सुलतानास द्यावी.' आणि खाली, कचेरीतल्या त्या बारीक तिरप्या अक्षरात: 'इतकी वर्सां तू पंच होतंस, म्हणान वाचलंस.'

कुंडलिकरावांनी ते दोनदा वाचलं. सगळं घोडदळ! सगळा तोफखाना! एका म्हाताऱ्या हत्तीसाठी! बिदर चार महिने टिकणार नव्हतं आणि हे नकाशा काढणाऱ्यापेक्षा जास्त कोणाला कळणार? त्यांचे डोळे भरून आले, आणि ते लपवायलाही त्यांना सुचलं नाही.

"आला गं," ते म्हणाले. "आला गुणाजी."

मग ते टेबलाशी बसले आणि बिदरच्या बचावाचा हुकूम लिहायला लागले. माघार नाही, तह नाही, मधल्या दरवाजाशी हत्ती उभा. खंदकात पाणी सोडा. आणि त्या हलकटाला म्हणावं, ये. शेवटचं वाक्य त्यांनी खोडलं, मग पुन्हा लिहिलं. घडी घातली आणि कागद बायकोपुढे धरला.

द्रौपदीबाई कपाट उघडून नकाशावर फौजा मांडत होत्या. त्यांनी कागदाकडे नुसतं बघितलं आणि कपाटाचं दार अर्धं ओढून घेतलं, म्हणजे बिदरच्या सुलतानाला निजामशाही दिसू नये.

"हातोहात हुकूम घेत नाही. इतरांचे पोस्टाने येतात, तुमचेही तसेच येतील."

"अगं, मी इथेच तर राहतो!"

"नियम आहे."

नियम म्हटल्यावर कुंडलिकरावांचा नाइलाज झाला. त्यांनी तिकीट चिकटवलं, लिफाफ्यावर स्वच्छ अक्षरात 'सौ. द्रौपदी साळवे, सूत्रधार' लिहिलं, खाली स्वतःच्याच घराचा पत्ता घातला, चपला अडकवल्या आणि नाक्यावरच्या लाल पेटीकडे शीळ घालत निघाले.